उत्कर्षाचे कावळे

आमच्या वरच्या खोलीत उत्कर्षा राहायला आली तेव्हा मी तिला पहिलीच अट घातली, भिंतीला खिळे मारायचे नाहीत. चित्रं काढते असं तिनं सांगितलं होतं, म्हणून. ती म्हणाली, "माझ्या चित्रांना खिळा लागत न्हाई, सर."

ज्या चित्राला खिळा लागत नाही ते चित्र कसलं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरगी सरळ वाटली, म्हणून गिळलं. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर माणसाला बरंच गिळावं लागतं. सांगलीच्या विश्रामबागेत राहायचं म्हणजे चौकाचौकांतले फ्लेक्स गिळावे लागतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या कुत्र्याचासुद्धा वाढदिवस, आणि खाली शुभेच्छुकांची गॉगल घातलेली तोंडं. रेषा, रंग आणि मोकळी जागा यांच्याशी ज्यांचं हाडवैर आहे अशी माणसं ते फलक करतात आणि आपण सिग्नलला थांबून ते बघतो. मला ओकारी येते. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरंच येते.

उत्कर्षा वडूजकडची. घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडील दादासो यांनी ती विकली, कोरडवाहू तुकडा धरला आणि पोरीला शिकवलं. इथंच सांगलीत कॉलेज करून ती पुण्याला नोकरीला लागली. काम काय, तर अजून पाया न खणलेल्या इमारती संगणकात उभ्या करायच्या. गिऱ्हाईकानं डोळ्यांवर जाड चष्मा चढवला की तो त्या इमारतीत फिरायचा, नसलेल्या गॅलरीत उभा राहायचा आणि नसलेल्या डोंगरामागं सूर्य मावळताना बघून आगाऊ रक्कम द्यायचा. पुढं तिथं डोंगराऐवजी दुसऱ्या इमारतीची मोरी दिसायची. हे बघून तिला किळस आली आणि ती परत आली. किळस येणारी माणसं मला आवडतात. हल्ली फार कमी उरली आहेत.

तिची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा भाडं घ्यायला वर गेलो होतो. पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता आणि त्यात काळे ठिपके सरकत होते. "प्रत्येक ठिपक्याला दोनच गोष्टी सांगितल्यात," ती म्हणाली. "शेजाऱ्याला चिकटायचं न्हाई, आणि त्याला सोडूनही जायचं न्हाई." मी म्हटलं, मग चित्र कोण काढतंय? "कुणीच न्हाई. बघा की." मी उभा राहिलो. ठिपके आधी सैरभैर झाले, मग हळूहळू त्यांच्या रेघा झाल्या, रेघांच्या फांद्या झाल्या, आणि शेवटी सबंध भिंतीवर उन्हाळ्यात तळ्याचा तळ फुटतो तशी नक्षी उमटली. पुन्हा सुरू केलं तर वेगळीच. मी पोरांना सांगत आलो होतो की चित्र मनात आधी पूर्ण दिसलं पाहिजे. हिला ते दिसतच नव्हतं. ती नियम घालून द्यायची आणि शेजारी बसून वाट बघायची. खालून बायकोनं हाका मारल्या, तरी मला तिथून हलवेना. भाडं मागायचंही राहून गेलं.

पण असल्या चित्रांवर पोट भरत नाही. पोट भरायला तिच्याकडं जी कामं यायची ती ऐकूनच अंगावर शहारा यायचा. एका पुढाऱ्याला मोबाइलमध्ये त्याच्या पुतळ्याला हार घालता येईल अशी जागा हवी होती. पुतळा जिवंत माणसाचा! एका मंगल कार्यालयाला असं दालन हवं होतं, की लग्नाला न आलेले पाहुणेही पंगतीत बसल्यासारखे दिसावेत, म्हणजे पंगत भरलेली वाटेल. असल्या माणसांना ती "जमणार न्हाई" एवढंच सांगायची आणि एखाद्या शाळेसाठी ग्रहताऱ्यांचं काहीतरी करून द्यायची.

अशात तिनं कावळे केले.

कृष्णेच्या घाटावर ती रोज सकाळी जाऊन बसायची. तिथल्या कावळ्यांवरून तिनं तीन नियम काढले. भुकेला कावळा घासाकडं येतो. समोर काही हललं की मागं सरतो. आणि शेजारचा उतरला तर आपणही उतरतो. बास, एवढंच. पडद्यावर घाट, पाणी, पायरीवर भाताचा गोळा, आणि पलीकडं झाडावर कावळे. पडद्याच्या वर एक छोटा कॅमेरा, तो समोरच्या माणसांना बघणार. माणसं हलली की कावळे झाडावर. माणसं स्थिर राहिली की ते एकेक करून खाली उतरणार. कोण कधी उतरेल ते तिचं तिलाही माहीत नसायचं.

कॉलेजच्या हॉलमध्ये तिनं ते मांडलं. उद्घाटनाला कॉलेजनं वीरधवल नावाचा माणूस बोलावला होता. सातारा जिल्ह्यातला कृष्णाकाठचा ऊसवाला, पुढच्या निवडणुकीवर डोळा असलेला. गाव सांगत नाही. त्याचे लोक माझ्या दारात यायला नकोत. तो त्याच्या कार्यकर्त्या पोरांचा घोळका घेऊन आला, फीत कापली, पडद्याकडं पाठ करून फोटो काढून घेतले, आणि "कावळं कुठायत?" असं विचारून निघून गेला. कावळे झाडावरच होते. दिवसभर जे आले ते सगळे तसलेच. हात हलवणारे, टाळ्या वाजवणारे, पोराला उचलून पडद्यापुढं नाचवणारे. एक मिनिट गप्प उभं राहायला सांगितलं तर माणसाला जणू मरण येतं!

संध्याकाळी तिची आई बनाबाई वडूजहून आली. ती पडद्यापुढं उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, नुसती. एक कावळा उतरला, मग दुसरा. पहिल्यानं भाताला चोच लावली. बनाबाई हसली. "शिवला गं," ती लेकीला म्हणाली. "कुणाचं काय राहिलं व्हतं?"

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. शिवला तर गेलेला तृप्त. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग घरातली माणसं पिंडापुढं हात जोडून एकेक वचन देतात, धाकट्याचं लग्न करतो, विहीर पुरी करतो, आणि ज्या वचनाला कावळा येतो ती त्याची इच्छा. सगळ्या गावासमक्ष दिलेलं वचन, मोडता येत नाही. बनाबाईचं ते बोलणं हॉलमधल्या कुणीतरी ऐकलं आणि वीरधवलच्या कानावर घातलं. कारण काही महिन्यांनी त्याचे वडील नाथाजी गेले, आणि तिसऱ्याच दिवशी तो पांढऱ्या कपड्यांत आमच्या जिन्यात उभा होता.

सोबत जयराज होता, त्याचे फ्लेक्स करणारा. त्या इसमाचे फलक मी ओळखतो. अक्षरांना सोनेरी कड आणि कडेला पुन्हा लाल कड. चहा घेताना वीरधवलचे डोळे भरून आले होते, ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. "आमच्या भावकीतली निम्मी पोरं मिलिटरीत हायत," तो म्हणाला. "आमचं दाजी ऋषिराज सुभेदार हायत, पार तिकडं बर्फात. दहाव्याला येता येत न्हाई कुणाला. तुमी असा घाट करा, की ती पोरं मोबाइलवरनं त्यावर येऊन उभी राहतील, आबांना पाणी देतील. आन तुमचं कावळं."

घाटाची कल्पना उत्कर्षाला भिडली. लांबच्या माणसाला पायरीवर उभं राहता यावं, यात वाईट काय आहे? मलाही काही वाईट दिसलं नाही. तिनं एकच अट घातली. "कावळे माझ्या हातात न्हाईत. ते त्यांच्या नियमानं येतील. आले तर आले."

"व्हय व्हय," वीरधवल म्हणाला. असा दोनदा व्हय म्हणणारा माणूस ऐकत नसतो, हे मला वर्गात शिकवताना कळलेलं आहे.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी तिला माझ्या गाडीतून त्या गावाला घेऊन गेलो. गावाच्या वेशीपासूनच जयराजची करामत सुरू झाली. भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स, त्यात नाथाजींचं तोंड पेरूएवढं आणि वीरधवलचं भोपळ्याएवढं. खाली ओळ: 'तालुक्यात प्रथमच, डिजिटल काकस्पर्श सोहळा.' सोहळा! बाप मेलाय आणि सोहळा. मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो. उत्कर्षानं पाण्याची बाटली पुढं केली.

घाटावर मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, नेत्यांसाठी सोफे होते. नदीकडं पाठ करून भला मोठा पडदा उभा केला होता, म्हणजे खरी कृष्णा कुणाला दिसायची सोय नव्हती. आम्ही तारा जोडत असताना एक बाई किटलीतून चहा घेऊन आली. चाळिशीची, डोक्यावर पदर. ती विजयमाला, नाथाजींची थोरली लेक, वीरधवलची बहीण आणि त्या सुभेदाराची बायको. चहा देऊन ती गेली नाही.

"बाई, एक इचारू का?" ती उत्कर्षाला म्हणाली. "तुमचा कावळा उद्या थांबवता येईल का?"

उत्कर्षाला काही कळेना. मग विजयमालानं सगळं सांगितलं. नाथाजींनी विहिरीजवळची जमिनीची पट्टी लेकीला देणार म्हणून पारावर बसून कितीदा सांगितलं होतं. आजारपणात सगळं तिनंच केलं होतं. कागद करायचा राहून गेला. आता तेरावं झालं की भाऊ तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेणार होता, सगळ्यावरचा हक्क सोडल्याची. "उद्या कावळा शिवला न्हाई, तर समदं गाव म्हणंल की म्हातारं पट्टीसाठी आडलंय. मग वीरला पिंडापुढं कबूल व्हावंच लागंल. त्याला ते पक्कं ठावं हाय. म्हणून तर तुमास्नी आणलंय, की कावळा शिवलाच पायजे. मला पट्टीचा ऊस नको, बाई. आबांचा शबूद हाय तो, येवढंच."

मला वाटलं, उत्कर्षा हो म्हणेल. मी असतो तर म्हटलं असतं. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ताई, तुमच्यासाठी मी कावळा आडवला, तर त्यांच्यासाठी उतरवायला पण तयार व्हावं लागंल. मग तो कावळा राहत न्हाई."

विजयमालानं कप परत घेतले. किटली उचलून निघाली. तिची पाठ बघून माझ्या जिवाला कसंतरी झालं.

ती गेली आणि वीरधवल आला, जयराजला घेऊन. त्याला बटण हवं होतं. तो माइकवर दोन शब्द बोलणार, हात जोडणार, इशारा करणार, की जयराज बटण दाबणार आणि कावळा शिवणार.

"बटण न्हाई," उत्कर्षा म्हणाली.

"मग घाला की."

"आधीच सांगितलं होतं तुम्हाला."

"आवं, तसं आपलं गुरुजी सुद्धा कावळा न्हाई आला तर दर्भाचा करून लावत्यात. गवताचा कावळा चालतो, मग तुमच्या पडद्यावरचा का न्हाई चालत?" आणि आजूबाजूच्या लोकांना तो मुद्दा पटला. हसून माना डोलावल्या त्यांनी. मला त्या माणसाच्या अकलेचं कौतुकच वाटलं.

"गवताचा कावळा गवताचाच म्हणून लावतात," उत्कर्षा म्हणाली. "तुम्ही लोकांना सांगा, बटणाचा हाय. मग घालते."

ते त्याला परवडणारं नव्हतं. फ्लेक्स लागलेले, दुसरा कोणी इतक्या घाईत मिळणार नव्हता. शेवटी त्यानं विचारलं, मग येतो तरी कधी हा? तिनं खरं ते सांगितलं. समोरची सगळी माणसं हलायची थांबली की लगेच येतो. वीरधवलला हायसं वाटलं. "येवढंच व्हय? माझी माणसं माझ्या शब्दाभाईर न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची माणसं बघितली. गुरुजींनी खऱ्या पायरीवर पिंड मांडला होता, पण तिकडं कोण बघतं? नदीपल्याडच्या बाभळीवर खरे कावळे होते. ते यायचे कसे? कर्ण्यावर भाषणं सुरू होती. एकानं नाथाजींच्या आठवणीत कारखान्याची निवडणूक काढली. दुसऱ्यानं त्यांना सलग चुकीच्या नावानं श्रद्धांजली वाहिली आणि कुणी चिठ्ठी नेऊन दिल्यावर हसून दुरुस्त केलं. डोक्यावर ड्रोन घोंगावत होता. दहावा आहे की जत्रा, अशी स्थिती. पडद्यावर मात्र शांत होतं. उत्कर्षाच्या घाटावर दूरदूरची पोरं येऊन उभी राहिली होती, नुसत्या करड्या आकृत्या, डोक्यावर नावं. सुभेदार ऋषिराज पहिल्या पायरीवर होते. त्या सबंध कार्यक्रमात तेवढी एक जागा मला बघवत होती.

भाषणं संपली. वीरधवलनं माइक घेतला. "आता काकस्पर्श व्हनार हाय. सगळ्यांनी शांत उभं रहा. कुणी हलू नका."

एक कावळा झाडावरून निघाला, अर्ध्यात आला, आणि मागं फिरला. कारण कुणीतरी फोन वर केला होता. त्या फोनवाल्याला आवरायला वीरधवलची पोरं धावली, म्हणून दुसरा कावळा फिरला. पोरांना थांबवायला जयराज हात हलवत सुटला. तेवढ्यात कुणी नेता उशिरा आला आणि पुढच्या रांगा त्याला नमस्कार करायला उठल्या. वीरधवल माइकवर ओरडायला लागला, "शांत! शांत!" आणि ओरडताना स्वतःच दोन्ही हात हलवत होता. कावळे झाडावर बसून राहिले. उन्हात घामाचा, अत्तराचा आणि झेंडूचा वास एकत्र झाला होता.

मग कुजबुज सुरू झाली. पडद्याकडं बघत बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. नाथाजींचे चुलतभाऊ लालासाहेब, पांढरा फेटा बांधून सोफ्याशेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, "विजूचं नाव घ्या की रं." वीरधवलनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पुन्हा फेट्याखाली गेले.

तेव्हा विजयमाला बायकांतून उठली आणि चालत पुढं आली.

आणि बघा काय झालं. ज्या गर्दीला बापाच्या नावानं, देवाच्या नावानं, माइकच्या आवाजानं गप्प करता आलं नव्हतं, ती एका क्षणात गप्प झाली. दुःखानं नव्हे. बहीण-भावाचं भांडण आता होणार, त्यातला एक शब्द चुकायला नको, म्हणून. फोन धरलेले हात हवेत राहिले. ड्रोन चालवणाराही तो खाली उतरवून बघत राहिला. विजयमाला पडद्यासमोर थांबली, हात जोडले, डोळे मिटले.

कावळा उतरला. पायरीवर आला, मान वाकडी केली आणि पिंडाला चोच लावली.

"शिवला!" कुणीतरी किंचाळलं, आणि सगळा मांडव उठला. कावळा भुर्रकन गेला, पण जे व्हायचं ते झालं होतं. "विजू आली तवा शिवला! पट्टीच व्हती मनात!" बायकांनी हात जोडले. वीरधवलचा चेहरा राखेसारखा झाला. ज्या कावळ्याचे त्यानं वेशीपासून फ्लेक्स लावले होते, त्याला आता खोटं म्हणायची सोय नव्हती. पण तो पुढारी होता, त्याला वाट सापडली. त्यानं माइक उत्कर्षाच्या तोंडासमोर धरला.

"मॅडम, तुमीच सांगा लोकांस्नी. ह्यो निस्ता कंपूटरचा नियम हाय का न्हाई?"

विजयमालानं डोळे उघडून उत्कर्षाकडं पाहिलं. एक शब्द नाही उच्चारला तरी चाललं असतं. पोरगी गप्प राहिली असती तर एका बाईला तिच्या बापाचा शब्द मिळाला असता, आणि मी तर मनात ओरडत होतो, गप्प बस, गप्प बस.

"व्हय," ती म्हणाली. "नियम हाय. कावळ्याला ताईंचं काही माहीत न्हाई, आबांचंही न्हाई. तुम्ही सगळे गप्प उभे राहिलात म्हणून तो आला."

वीरधवलनं सुस्कारा सोडला. मांडवातून नाराजीचा आवाज उठला, पदरात पडलेलं काहीतरी काढून घेतल्यासारखा. एक बाई उत्कर्षाला चार शब्द ऐकवू लागली. मला वाटलं, संपलं सगळं. विजयमाला खाली मान घालून परत फिरेल.

ती नाही फिरली. तिनं भावाच्या हातातून माइक घेतला.

"बरं झालं," ती म्हणाली. "बाई खरं बोलली. आता कावळा जाऊ द्या. कावळा कशाला पायजे? माणसं हायत की एवढी." मग ती गर्दीकडं वळली. "आबांनी पारावर बसून पट्टीचं सांगितल्यालं ज्यांनी ज्यांनी ऐकलंय, त्यांनी फकस्त हात वर करा. बोलू बी नका. हात वर करा."

कुणी हललं नाही.

लालासाहेब चपलांकडं बघत बसले. पाराच्या शेजारी ज्याचं दुकान आहे तो वाणी नदीकडं, म्हणजे पडद्याकडं बघत राहिला. ज्या बायका आत्ताच हात जोडत होत्या त्यांचे हात पदरात गेले. कुणी खोकलं नाही, कुणी पोराला गप्प केलं नाही, पोरंच गप्प होती. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे वीरधवलच्या उसाच्या तोडीत, पाण्याच्या पाळीत, पोराच्या नोकरीत कुठंतरी अडकलेले होते. मी खूप ओशाळी गर्दी पाहिली आहे. इतकी स्थिर पाहिली नाही.

आणि पडद्यावर कावळे उतरायला लागले.

पहिला आला, त्याच्यामागून दुसरा, मग फांदीच रिकामी झाली. एवढे कावळे तिनं झाडावर बसवले होते हे मलाही माहीत नव्हतं. पायऱ्या काळ्या झाल्या. करड्या आकृत्यांच्या पायांशी, खांद्यांशी कावळे. भाताचा गोळा शितं शितं होऊन संपला तरी ते उतरतच होते, कारण समोर कुणी हलत नव्हतं. विजयमाला माइक धरून उभी होती. तिनं पडद्याकडं मागं वळून पाहिलंच नाही. ती माणसांकडं बघत होती, एकेकाकडं, नीट, आठवणीत ठेवायचं असल्यासारखं.

शेवटी उत्कर्षानं तार उपसली.

मला गाडीपर्यंत जाता आलं नाही. मांडवामागं उसाच्या कडेला मी खरोखरच ओकलो. म्हातारपण, ऊन, रिकामं पोट, काय म्हणायचं ते म्हणा. परत येताना सबंध रस्ता मी शिव्या देत होतो आणि उत्कर्षा खिडकीतून बाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "सर, मी नव्हतं बोलायला पाहिजे का?" मी समोरच्या ट्रकला शिवी घातली. एवढं मात्र सांगतो की विजयमालानं हक्कसोडीवर सही केली नाही. तेराव्याला माहेरी तिला पंगतीत कुणी वाढलं नाही, ती उठून घरी गेली, आणि आता कोर्टात दावा लावला आहे. साक्षीदार शोधतेय.

महिन्यानं जयराजचा नवा फ्लेक्स लागला. कुणीतरी त्याचा फोटो उत्कर्षाला पाठवला. वीरधवलचं भोपळ्याएवढं तोंड, शेजारी सबंध मांडवाचा फोटो. पडद्यावर कावळेच कावळे आणि समोर शेकडो माणसं दगडासारखी उभी. खाली सोनेरी अक्षरांत: 'अवघा गाव निःशब्द.' मी म्हटलं, टाक पुसून ते, डोळ्यासमोर नको. पण तिनं तो फोटो मोठा करून भिंतीवर पाडला आणि बराच वेळ बघत बसली. तिच्या सगळ्या चित्रांत हेच सगळ्यात चांगलं होतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं, आणि कुणाला म्हणवत नव्हतं.

"चित्र खरं हाय, सर," ती म्हणाली. "खाली लिहिलंय तेवढं चुकलंय."

"मग काय लिहायला हवं होतं?"

"नावं," ती म्हणाली. "उभ्या असलेल्या सगळ्यांची."